सिंगल बोर्ड कॉम्प्युटरच्या मेमरी कार्डाचा बॅकअप

रास्पबेरी पायसारख्या सिंगल बोर्ड कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे एकाच सर्किट बोर्डावर मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, हार्ड डिस्कचे काम बहुधा मेमरी कार्डच करते. ते निकामी झाल्यास ऑपरेटिंग सिस्टीम, सेटिंग आणि माहिती पूर्ववत बसवता यावी, यासाठी आधीच काढून वेगळी ठेवलेली प्रत म्हणजे कार्डाचा बॅकअप. २०१२ सालच्या पहिल्या रास्पबेरी पायला मोठे एसडी कार्ड लागे. २०१४ सालच्या ‘बी प्लस’ मॉडेलपासून मायक्रोएसडी आले.

कार्डातल्या फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. कॅमेऱ्यातल्या कार्डावर अधूनमधून लिहिले जाते. इथे मात्र लॉग (सिस्टीमच्या कामाच्या नोंदी) आणि डेटाबेस अहोरात्र लिहीत असतात. लिहिणे चालू असतानाच वीज गेली किंवा शटडाउन न करता प्लग काढला, तर फाइल सिस्टीम, म्हणजे कार्डावरची फाइलींची मांडणी, बिघडू शकते, आणि नवे कार्डही यातून सुटत नाही.

सर्वांत भरवशाची रीत म्हणजे बोर्ड बंद करून, कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरच्या रीडरमध्ये घालून त्याची संपूर्ण इमेज, म्हणजे कार्डाची जशीच्या तशी एका फाइलमधली प्रत, काढणे. लिनक्सवर यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा आहे, विंडोजवर ‘विन३२ डिस्क इमेजर’. ‘डीडी’मध्ये मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर मूळ कार्डच पुसले जाते, म्हणून डिस्कचे नाव दोनदा तपासावे. इमेज कार्डाच्या पूर्ण क्षमतेएवढी होते: ३२ जीबीच्या कार्डावर ४ जीबीच माहिती असली तरी फाइल ३२ जीबीचीच. शिवाय ३२ जीबी असे छापलेली दोन कार्डे नेमकी सारख्या क्षमतेची असतातच असे नाही. दुसरे थोडे जरी लहान निघाले, तरी इमेज त्यावर पूर्ण मावत नाही. मुंबईत अशी कार्डे व बोर्ड घेण्यासाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, प्रसिद्ध आहे. तिथे जाणाऱ्याने एकाच बनावटीची दोन कार्डे एकदमच घेणे सोयीचे. बाजार कोणताही असो, नकली कार्डाची खरी क्षमता छापील आकड्याहून कमी असते, तेव्हा ते आधी पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहावे.

रास्पबेरी पाय ओएसमधील ‘एसडी कार्ड कॉपिअर’ चालू सिस्टीमवरूनच दुसरे कार्ड तयार करतो. माहिती मावत असेल तर ते लहानही चालते. मात्र डेटाबेस त्या वेळी लिहीत असेल, तर प्रतीत अर्धवट नोंदी उतरू शकतात, म्हणून ती सेवा तेवढ्यापुरती थांबवावी लागते. रोजच्या बदलांना, फक्त बदललेल्या फाइली उतरवून घेणारे ‘आरसिंक’ पुरेसे आहे.

प्रत चालते की नाही, हे ती बोर्डात घालून सुरू केल्यावरच कळते. त्यामुळे जाणते वापरकर्ते नवे कार्डच कामाला लावतात आणि जुने, तारीख लिहून, डबीत ठेवतात.