बीटी वांग्यावरील जाहीर सुनावण्या (2010)

जनुकीय फेरबदल केलेल्या बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीला भारतात परवानगी द्यावी की नाही, या प्रश्नावर केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने 13 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2010 या काळात घेतलेल्या सभांची मालिका. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि बंगळूरू या सात शहरांत झालेल्या या सभांना शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, वैद्य, बियाणे व्यावसायिक, ग्राहक आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते मिळून सुमारे 8,000 लोक उपस्थित होते. तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार) जयराम रमेश यांनी या सभांत स्वतः बसून लोकांचे म्हणणे ऐकले आणि शेवटची सभा झाल्यावर तीनच दिवसांनी, 9 फेब्रुवारी 2010 रोजी, बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती दिली. तज्ज्ञ समितीची अनुकूल शिफारस हाती असताना एखाद्या मंत्र्याने तो निर्णय लोकांपुढे मांडावा आणि मग थांबवावा, असे भारतात क्वचितच घडले आहे. विज्ञान, नीती आणि समाज यांच्या संबंधांविषयी आपल्याकडे झालेल्या सार्वजनिक चर्चांमध्ये या सुनावण्यांचे स्थान त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

वांग्याच्या पिकाचा मुख्य शत्रू म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. ती कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते आणि एकदा आत गेली की फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून शेतकरी एका हंगामात अनेक वेळा, कित्येकदा तोडणी सुरू असतानाही, फवारण्या करतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (संक्षेपाने बीटी) या मातीतील जिवाणूचे एक जनुक वांग्यात घातले, तर झाडाच्या पेशी क्राय-1-एसी नावाचे प्रथिन स्वतःच तयार करतात. हे प्रथिन अळीच्या पोटातील अल्कधर्मी रसात सक्रिय होऊन आतड्याच्या पेशी फोडते आणि अळी मरते. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि या प्रथिनाला चिकटण्यासाठी लागणारे ग्राही आपल्या आतड्यात नसतात, हा वाणाच्या सुरक्षिततेच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य युक्तिवाद होता.

हे वाण जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केले होते. या कंपनीत अमेरिकेच्या मोन्सॅन्टोची भागीदारी होती आणि जनुकाचे तंत्रज्ञानही तिचेच होते. अमेरिकी सरकारच्या मदतीने चाललेल्या एका प्रकल्पातून हेच तंत्रज्ञान धारवाडच्या कृषिविज्ञान विद्यापीठाला आणि कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाला मिळाले, आणि त्यांनी ते स्थानिक वाणांत उतरवले. धारवाडने निवडलेल्या वाणांत उडुपीचे गुळ्ळा होते, तसेच पुणे परिसरात घरोघरी माहीत असलेले मांजरी गोटाही होते. खासगी कंपनी संकरित बियाणे विकेल आणि विद्यापीठे शेतकऱ्याला पुढच्या वर्षी जपून ठेवता येईल असे सरळ वाणाचे बियाणे देतील, अशी ही विभागणी होती. सुनावण्यांतील वादात हा तपशील बहुधा मागे पडला. तो पुढे आला असता, तर बियाण्यावरील मालकीची चर्चा अधिक नेमकी झाली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

जनुकीय फेरबदल केलेल्या सजीवांचे नियमन भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 अन्वये केलेल्या 1989 च्या नियमांनुसार होते. या नियमांनुसार अंतिम परवानगीचा विचार जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समिती करत असे. समितीने 14 ऑक्टोबर 2009 रोजी बीटी वांग्याच्या बाजूने कौल दिला. मात्र भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली होती ती धाग्याच्या पिकाला, आणि वांगे थेट ताटात येणारी भाजी होती. शिवाय समितीच्या कामाकडे आधीपासूनच संशयाने पाहिले जात होते. या विषयावरील जनहित याचिका 2005 पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होती आणि न्यायालयाने समितीच्या बैठकांसाठी नेमलेले ज्येष्ठ जीवशास्त्रज्ञ पुष्पमित्र भार्गव चाचण्या अपुऱ्या असल्याचे उघडपणे सांगत होते. रमेश यांनी समितीची शिफारस तत्काळ लागू न करता तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध केला, डिसेंबरअखेरपर्यंत लेखी हरकती मागवल्या आणि त्यानंतर जाहीर सभा घेण्याचे ठरवले. धरण किंवा कारखाना उभारताना जनसुनावणी घेण्याची तरतूद पर्यावरणविषयक अधिसूचनेत होती, पण नव्या पिकासाठी तशी सक्ती 1989 च्या नियमांत नव्हती. म्हणजे या सभा मंत्र्याच्या इच्छेवर उभ्या होत्या, आणि त्यांचे बळ व त्यांचा कच्चेपणा या दोन्हींचे मूळ तेथेच होते.

सभांमध्ये मांडलेले प्रश्न समितीच्या कागदपत्रांतील प्रश्नांपेक्षा खूप व्यापक होते. समितीपुढे मुख्य विचार होता तो विषाक्तता, ॲलर्जी, परागकणांचा प्रसार आणि उत्पन्न यांचा. लोकांनी विचारले की चाचण्या कंपनीच्या खर्चाने आणि कंपनीच्याच पुढाकाराने झाल्या असतील, तर त्या निष्कर्षांची खातरजमा स्वतंत्र प्रयोगशाळेने का करू नये. नव्वद दिवस उंदरांना खाऊ घालून मिळालेली माहिती आयुष्यभर ती भाजी खाणाऱ्या माणसाला पुरेशी आहे का, हा दुसरा प्रश्न होता. तिसरा प्रश्न निवडीचा होता. आपल्याकडे वांगी मंडईत सुटी विकली जातात, त्यांवर चिठ्ठी लावता येत नाही, मग ज्याला बीटी वांगे नको आहे त्याने ते ओळखायचे कसे? नीतिशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत भक्कम होता, कारण वाण पूर्णतः सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले असते तरी तो शिल्लक राहिला असता.

भारत हा वांग्याच्या उगमप्रदेशांपैकी एक मानला जातो आणि प्रत्येक प्रांताचे स्वतःचे वाण आहे. खानदेशातील भरताची वांगी आणि कृष्णाकाठची वांगी ही महाराष्ट्रातील उदाहरणे सर्वांना परिचित आहेत. वांग्यात काही प्रमाणात परपरागीभवन होते, त्यामुळे शेजारच्या शेतातील देशी वाणात किंवा बांधावरच्या रानटी जातींत हे जनुक जाईल का, अशी चिंता व्यक्त झाली. आयुर्वेद आणि सिद्ध वैद्यकातील जाणकारांनी रिंगणी आणि डोरली या दशमुळातील (दहा औषधी मुळांच्या समूहातील) वनस्पती वांग्याच्याच कुळातल्या असल्याकडे लक्ष वेधले. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन यांनी तंत्रज्ञान नाकारले नाही, पण आधी देशी वाणांचा संग्रह आणि दीर्घकालीन परिणामांच्या चाचण्या पूर्ण कराव्यात, असा सल्ला दिला. रमेश यांच्या निर्णयावर या भूमिकेचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

वाणाच्या बाजूने बोलणारेही कमी नव्हते आणि त्यांच्या म्हणण्यालाही नैतिक वजन होते. कीटकनाशक फवारणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात जाणारे विष हे आजचे, डोळ्यांनी दिसणारे नुकसान आहे. ते कमी करण्याचा उपाय पुढे ढकलणे म्हणजे जोखीम टाळणे नसून ती मजुराच्या अंगावर ठेवणे होय, हा त्यांचा मुद्दा होता. नागपूरच्या सभेला विदर्भातील कापसाच्या अनुभवाची पार्श्वभूमी होती. बीटी कापसाने बोंडअळी आवरली असे सांगणारे शेतकरी आणि वाढलेला खर्च, कोरडवाहू जमीन व आत्महत्या यांकडे बोट दाखवणारे शेतकरी असे दोन्ही विदर्भातच होते. स्थगितीनंतर महिन्याभरातच, मार्च 2010 मध्ये, गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कापसातील क्राय-1-एसी याच प्रथिनाला प्रतिकारशक्ती कमावल्याचे मोन्सॅन्टोनेच मान्य केले. पुढे गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातही कापसाचे मोठे नुकसान केले.

सभांची रचना निर्दोष नव्हती. अनेक ठिकाणी घोषणाबाजी झाली, संघटित गटांना ध्वनिक्षेपक लवकर मिळाला, आणि दोन-चार गुंठ्यांत वांगी लावून ती आठवडी बाजारात विकणाऱ्या शेतकऱ्याचा, विशेषतः शेतकरी स्त्रीचा, आवाज तुलनेने क्षीण राहिला. आरडाओरड करून विज्ञानाचे प्रश्न सुटत नाहीत, ही शास्त्रज्ञांची तक्रार रास्त होती. परंतु तिच्यातून ‘सामान्यांना यातले काय कळते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होते. अळी प्रथिनाने कशी मरते हे प्रयोगशाळेत ठरते. किती अनिश्चितता सोसायची, कोणी सोसायची आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे मात्र प्रयोगशाळेत ठरू शकत नाही, आणि लोक मुख्यतः याविषयीच बोलत होते.

स्थगितीच्या आदेशात रमेश यांनी लोकांचे आणि जाणकारांचे अशा दोघांचेही समाधान होईल इतपत स्वतंत्र शास्त्रीय अभ्यास होईपर्यंत लागवड थांबवण्याचे जाहीर केले. पश्चिम बंगाल, ओडिशा, बिहार, कर्नाटक, केरळ, आंध्र प्रदेश अशा अनेक राज्यांच्या सरकारांनी कळवलेली नापसंती, आंध्रातील कीटकनाशकांविना शेतीचा अनुभव आणि सार्वजनिक क्षेत्रातील संशोधनाची गरज यांचा त्यात उल्लेख होता. निर्णयाची कारणे, मिळालेली पत्रे आणि सभांचे वृत्तांत शेकडो पानांच्या परिशिष्टांसह प्रसिद्ध झाले. शासनाने आपला विचार इतक्या उघडपणे मांडण्याचा हा प्रघात पुढे टिकला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आदेशातील मोठी उणीव अशी की हे अभ्यास कोणी, कोणत्या निकषांवर आणि किती मुदतीत करायचे, हे त्यात बांधून दिलेले नव्हते. समाधान मोजण्याचे साधन न ठरवता समाधानाची अट घातल्यामुळे स्थगिती अनिश्चित काळ चालू राहिली.

रमेश यांनी देशातील सहा विज्ञान व अभियांत्रिकी अकादमींकडे संयुक्त मत मागितले. सप्टेंबर 2010 मध्ये आलेल्या त्या अहवालाने बीटी वांग्याला पाठिंबा दिला, परंतु त्यातील काही मजकूर या तंत्रज्ञानाच्या एका समर्थक शास्त्रज्ञाच्या लेखातून जसाच्या तसा उचललेला असल्याचे उघडकीस आले, आणि अकादमींना अहवाल सुधारून पुन्हा द्यावा लागला. सभांमधील कोणत्याही घोषणेपेक्षा या घटनेने तज्ज्ञांच्या विश्वासार्हतेला अधिक धक्का दिला. याच सुमारास मंजुरी समितीच्या नावात बदल होऊन ती ‘मूल्यमापन’ समिती झाली, आणि अंतिम निर्णय सरकारचा असतो हे त्यातून सूचित झाले. स्थानिक वाणे वापरताना जैवविविधता कायद्यानुसार परवानगी घेतली नव्हती, या आरोपावरून राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने 2011 मध्ये कारवाईचा निर्णय घेतला. संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीनेही ऑगस्ट 2012 च्या अहवालात अशा पिकांविषयी सावधगिरीची भूमिका घेतली.

महिकोचेच तंत्रज्ञान वापरून तयार केलेल्या चार वाणांना बांगलादेशाने ऑक्टोबर 2013 मध्ये मान्यता दिली आणि 2014 च्या सुरुवातीला वीस शेतकऱ्यांनी लागवड केली. भारतात 2019 मध्ये हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात बीटी वांग्याची बेकायदा लागवड आढळली आणि ती नष्ट करण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशकसहिष्णू कापूस बियाणे जाहीरपणे पेरून तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची मागणी केली. 2010 च्या सभांत ‘नको’ म्हणण्याचा हक्क मागितला गेला होता, अकोल्यात ‘हवे’ म्हणण्याचा. दोन्ही मागण्यांना उत्तर देणारी व्यवस्था तोवर उभी राहिलेली नव्हती. 2020 मध्ये सार्वजनिक संशोधन संस्थेच्या जनुकावर आधारलेल्या दोन नव्या बीटी वांगी वाणांच्या आठ राज्यांतील चाचण्यांना मूल्यमापन समितीने राज्य सरकारांच्या संमतीच्या अटीवर मान्यता दिली. या वाणांचा विकास जालन्याच्याच दुसऱ्या एका बियाणे कंपनीने केला होता. जनुकीय मोहरीच्या प्रकरणात जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची परवानगीच्या वैधतेविषयी मते भिन्न राहिली. मात्र केंद्राने सर्व संबंधितांशी सल्लामसलत करून जनुकीय पिकांविषयी राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचे एकमत होते.