सोबत असल्याचा पुरावा : ब्रिटनच्या अविवाहित जोडीदार व्हिसामागचा इतिहास

ब्रिटनच्या अनमॅरिड पार्टनर व्हिसाची कोणतीही फाइल उघडा, काही कागद हमखास सापडतात. दोघांच्या नावाचा भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीसारख्या स्थानिक कराचं) बिल, जॉइंट अकाउंटचं स्टेटमेंट, विमानाची तिकिटं, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट. लग्नाचा दाखला नसलेल्या जोडप्याकडे एवढा पुरावा मागणं आज कुणाला खटकतही नाही. पण नातं खरं असल्याचं परक्या अधिकाऱ्याला पटवून देण्याची ही सक्ती आधी रीतसर लग्न झालेल्यांवर आली होती, आणि तिचा सर्वांत मोठा फटका बसला तो भारतीय उपखंडातल्या नवऱ्यांना.

राष्ट्रकुलातल्या पुरुषांसाठी ब्रिटनमधल्या बायकोकडे राहायला जाण्याची वाट १९६९ मध्ये जवळपास बंद झाली. तेव्हा जेम्स कॅलॅहन गृहमंत्री होते. बायकोने नवऱ्याकडे यावं हे सरकारला मान्य होतं, नवऱ्याने बायकोकडे यावं हे नव्हतं. १९७४ मध्ये रॉय जेंकिन्स यांनी ती वाट पुन्हा मोकळी केली, पण १९७७ मध्ये केवळ प्रवेशासाठी केलेलं लग्न नाकारण्याची तरतूद आली.

हा संशय कोणत्या थराला गेला होता ते १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर दिसलं. ब्रिटनमध्ये लग्न करण्यासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची तिथे कौमार्य तपासणी करण्यात आली. वाग्दत्त वधूला आणि पत्नीला प्रवेशाचे नियम वेगळे होते, आणि ही बाई आधीच विवाहित असावी असा अधिकाऱ्यांना संशय होता. वर्तमानपत्रात बातमी आली, गदारोळ झाला आणि फेब्रुवारीत ही पद्धत थांबवावी लागली. नात्याचा पुरावा बाईच्या शरीरात शोधणारं राज्य, हे आजही वाचताना संताप येतो.

त्यानंतर १९८० मध्ये आला ‘प्रायमरी पर्पज’ नियम. लग्न खरं असून भागत नव्हतं. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणं हा त्या लग्नाचा मुख्य हेतू नाही, हेही दाखवावं लागे. १९८३ पासून ते सिद्ध करण्याचा भार थेट अर्जदारावर टाकला गेला. हेतू नव्हता हे सिद्ध कसं करायचं? मुलाखतीत नवऱ्याला विचारलं जाई, बायकोच तुमच्याकडे राहायला का येत नाही? तिकडे नोकरी करायची आहे असं ज्याने सरळ मनाने सांगितलं, त्याचं तेच उत्तर त्याच्या विरोधात जाऊ शकत होतं.

पत्रांच्या गठ्ठ्याला आणि भेटींच्या नोंदींना वजन आलं ते याच काळात. १९८६ च्या कुमार खटल्यात अपील न्यायालयाने मान्य केलं, की लग्नानंतर जोडप्याने एकमेकांशी टिकवलेली ओढ पाहूनही लग्नाच्या वेळच्या हेतूचा अंदाज बांधता येतो. त्याआधी १९८५ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने अब्दुलअझीझ, कबालेस आणि बाल्कंडाली या तीन स्त्रियांच्या खटल्यात ब्रिटनला लिंगभेदासाठी दोषी ठरवलं होतं. सरकारने त्यातून पळवाट अशी काढली, की नवऱ्यांवरची बंधनं सैल करण्याऐवजी तीच बायकांनाही लावली. १९८५ मध्येच ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए चाचणीमुळे घानाहून परतलेल्या एका मुलाला ब्रिटनमधल्या आईजवळ राहता आलं. आई-मुलाचं नातं असं प्रयोगशाळेत सिद्ध होऊ लागलं. जोडीदारांसाठी मात्र अशी कोणतीही चाचणी नव्हती आणि नाही.

१९९७ साली दोन गोष्टी एकदम हलल्या. नवे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी जूनमध्ये प्रायमरी पर्पज नियम रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ज्यांना कायद्याने लग्नच करता येत नाही अशा जोडप्यांसाठी सवलत जाहीर झाली. तिचा मुख्य लाभ समलिंगी जोडप्यांना होणार होता आणि त्यामागे त्यांचा चिवट लढा होता. अट होती चार वर्षं एकत्र राहिल्याची. १९९९ मध्ये ती दोन वर्षांवर आली, २००० च्या ऑक्टोबरमध्ये सवलतीचा रीतसर नियम झाला आणि २००३ मध्ये लग्न करता येत नसल्याची अटही गेली. पुढे समलिंगी जोडप्यांना २००५ पासून सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्नासारखी नोंदणीकृत जोडीदारी, आणि २०१४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लग्न करता येऊ लागलं, तरी हा मार्ग सर्वांसाठी उघडा राहिला.

दाखल्याची जागा अशी एकत्र राहण्याने घेतली, आणि खरी गोची तिथेच झाली. दोन देशांतल्या दोघांना व्हिसाशिवाय एकत्र राहता येत नाही, आणि एकत्र राहिल्याशिवाय व्हिसा मिळत नाही! शिवाय पुरावा म्हणून दोन वर्षांच्या काळात विखुरलेली, किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून दोघांच्या राहत्या पत्त्यावर आलेली सहा पत्रं मागितली जात. बँक, वीज कंपनी, डॉक्टर, असं कुणाकडूनही आलेलं चालत असे. पण घर एकाच्याच नावावर असेल, किंवा घरच्यांपासून नातं लपवावं लागत असेल, तर दुसऱ्याच्या नावाने तिथे पत्र येणार कुठून? ज्यांच्यासाठी हा मार्ग मुळात उघडला होता, त्यांनाच ही अट सर्वांत जड जात होती.

२०१२ च्या जुलैमध्ये ‘अपेंडिक्स एफएम’, म्हणजे इमिग्रेशन नियमांतला कुटुंबीयांसाठीचा भाग, लागू झालं. उत्पन्नाची अट आली, आणि नातं ‘जेन्युइन अँड सब्सिस्टिंग’, म्हणजे खरं आणि चालू असावं, हे शब्द मध्यवर्ती झाले. त्याच वर्षी गौडी नावाच्या सुदानी प्रकरणात अपर ट्रायब्युनलने, म्हणजे इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने, दिलेला निकाल मला फार मोलाचा वाटतो. परस्परांवरील निष्ठेचा अमुकच एक पुरावा हवा असा हट्ट धरता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. परदेशी फोन करण्यासाठी विकत घेतलेल्या फोन कार्डांवरून कोणत्या नंबरला फोन केला ते कळत नसलं, तरी आम्ही बोलतो या जोडप्याच्या म्हणण्याला त्यांचा आधार मिळू शकतो, हेही न्यायाधिकरणाने मान्य केलं.

एकत्र राहण्याची सक्ती अखेर ३१ जानेवारी २०२४ रोजी गेली. आता लग्नासारखं नातं किमान दोन वर्षं असावं लागतं, एकाच छताखाली असण्याची अट नाही. काम, शिक्षण किंवा सांस्कृतिक कारणांमुळे दोघं वेगळे राहत असतील तर नियमित संपर्क, एकमेकांना केलेली पैशांची मदत, मुलं असल्यास त्यांचा सांभाळ, एकत्र घालवलेला वेळ, हे सारं पुराव्यात धरलं जातं. त्यामुळे वेगळं राहण्याचं कारण अर्जासोबतच्या पत्रात मोकळेपणाने मांडलेलं बरं, कारण सिद्ध करण्याचा भार अजूनही अर्जदारावरच आहे. निकष मात्र फौजदारी खटल्यासारखा निःसंशय सिद्धतेचा नाही. नातं खरं नसण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त वाटली, तर तेवढं पुरतं.