एकास पाच : हाताने घडवलेल्या रेसकारची बडोद्यातली पार्श्वभूमी

मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिलिमीटर आणि रुंदी १,४४०. पाचाने भागलं की ६६७ आणि २८८. युरोपात तयार मिळणाऱ्या, रेडिओने चालवायच्या १:५ मापाच्या पेट्रोल रेसकारची रुंदी मात्र ४०० मिलिमीटरच्या आसपास असते, कारण ती तिकडच्या शर्यतींतल्या रुंद गाड्यांवर बेतलेली. तिच्या चेसिसवर मारुतीची बॉडी ठेवली तर चाकं दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं बाहेर येतात. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्याकडच्या शर्यतींत पळालेली छोटी मारुती ज्यांना या मापात पळताना पाहायची होती, त्यांना चेसिसच्या पत्र्यापासून सगळं स्वतःच करावं लागलं. मी त्यांतलाच एक.

या छंदाचा दूरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मधल्या खांबाला तारेने बांधलेल्या पेट्रोल गाड्या गोल गोल पळवत. त्यांना दिशा देणं हातात नव्हतं. रेडिओवर वळणारी विजेची १:१२ मापाची फेरारी १९६६ मध्ये इटलीतून आली. गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन बसवलेल्या १:५ मापाच्या गाड्या जर्मनी-इटलीत रुजल्या त्या १९८० च्या दशकात. ते इंजिन साधारण २३ सीसीचं, दोरी ओढून सुरू होणारं. त्याच्या कार्बोरेटरमध्ये तरंगत्या गोळ्याऐवजी पडदा असतो, त्यामुळे गाडी कलली, उलटली तरी पेट्रोल मिळत राहतं. बागेतल्या यंत्राची ही सोय रेसकारच्या कामी आली.

बडोद्यात लहान मापातल्या चालत्या यंत्रांचं अप्रूप जुनं आहे. लक्ष्मीविलास राजवाड्यातली चिमुकली रेल्वे पुढे कमाटीबागेत धावली, आणि इथल्या कित्येक मराठी घरांत त्या गाडीत बसलेल्या पोरांचे फोटो असतील. पण माझ्या मते खरी मुळं दुसरीकडे आहेत. १८९० मध्ये इथे कलाभवन निघालं आणि हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायची रीत पडली. नंतर मकरपुऱ्याची जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, उभी राहिली. तिथे लेथवर एकच नग करून देणारा टर्नर मिळतो, हे ज्या गावात मिळत नाही तिथल्या माणसाला सांगूनही पटत नाही. बॉडीच्या बाबतीतही तसंच. १९५० मध्ये विद्यापीठात ललित कला शाखा सुरू झाली. तिच्यामुळे शहरात साचे काढणारे, फायबरग्लास ओतणारे हात तयार झाले. माझ्या मारुतीचा मूळ आकार दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मूर्तिकार काकांनी शाडूत घडवला. गणपतीची गर्दी ओसरल्यावर, दसऱ्यानंतर. बॉनेटची कड त्यांनी तीनदा खरवडली आणि म्हणाले, ‘‘अरे, समोरून बघितल्यावर ती रुसल्यासारखी दिसायला हवी.’’ मारुती खरंच तशी दिसते.

चेसिसला पहिल्यांदा साधा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला, तो तिसऱ्या दिवशी इंजिनाखाली वाकला. मग ‘एचई-३०’ आणला, म्हणजे जास्त कणखर ॲल्युमिनियम. हा इथल्या पत्र्याच्या दुकानांतला शब्द, किलोवर मिळतो. ४ मिलिमीटर जाडीचा तुकडा कापून मागच्या धुऱ्यासाठी भोकं पाडली. सगळं अडलं गिअरच्या अंतरावर. १६ दातांचा पिनियन, ४८ दातांचा मोठा गिअर, दोन्ही दीड मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप : व्यास भागिले दात). व्यास २४ आणि ७२, म्हणून दोन आसांतलं अंतर बरोबर ४८ मिलिमीटर हवं. आम्ही ते पट्टीने मोजून ठोकलं होतं. दात घासून पहिल्याच संध्याकाळी लोखंडाची पूड निघाली. मकरपुऱ्यातल्या टर्नरभाईंनी तो तुकडा हातात घेतला, काही न बोलता बाजूला ठेवला आणि दुसरा मिलिंगवर चढवला. त्यांनी बोर केलेली ती दोन भोकं अजून तशीच आहेत.

रेडिओच्या बाजूने वळण आलं ते २००५ मध्ये. त्या वर्षी २७ मेगाहर्ट्झचा ठरावीक पट्टा आणि २.४ गिगाहर्ट्झ, दोन्ही कमी ताकदीच्या वापरासाठी परवान्यातून मोकळे झाले. जुन्या संचांत लहर ठरवणारी क्रिस्टलची जोडी असे. एकाच क्रिस्टलवर दोघे आले की एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमात जाई. पेट्रोल गाडीत तर ठिणगीचाच आवाज रेडिओत शिरतो. नवलखी मैदानावर माझी पहिली गाडी याच कारणाने हाताबाहेर गेली आणि सरळ भिंतीवर आदळली. प्लगची टोपी रोधकाची नव्हती, आणि संदेश तुटला की ब्रेक लागेल अशी सोय मी केलेली नव्हती. २.४ गिगाहर्ट्झने हा त्रास जवळजवळ मिटवला. संदेश तुटताच आपोआप ब्रेक लागणं मात्र आजही मी पहिल्या दिवशी तपासतो, चाकं वर उचलून, रेडिओ बंद करून.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याने गेल्या काही वर्षांत या छंदाचं गणित बदललं. तो शब्द ‘खेळणं’.

सीमाशुल्काच्या वर्गवारीत ९५०३ या शीर्षकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या, कोडी आणि लहान मापातल्या प्रतिकृती ‘चालणाऱ्या असोत वा नसोत’ असं सगळं एकत्र आहे. शीर्षक आंतरराष्ट्रीय आहे, आपण केलेलं नाही. शुल्क किती हे आपण ठरवतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात ते १० टक्क्यांवरून २० झालं, २०२० मध्ये ६०, २०२३ मध्ये ७०. म्हणजे ६०,००० रुपयांच्या किटवर फक्त मूळ शुल्क आधी ६,००० होतं, ते १२,००० झालं, मग ३६,००० आणि शेवटी ४२,०००. बाकीचे कर वेगळे.

यामागची बाजू मला कळते. स्वस्त परदेशी खेळण्यांच्या लोंढ्यात सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनी आणि चन्नपट्टणच्या कारागिरांनी काय सोसलं, हे सांगायला नको. निकृष्ट रंग, सुटणारे बारीक भाग, यांवर बंधन हवंच होतं. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश त्यासाठीच आला. पण त्या आदेशातली खेळण्याची व्याख्या पाहा : १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेली वस्तू. सुरक्षेच्या नियमाला वय महत्त्वाचं वाटतं. शुल्काच्या शीर्षकाला वाटत नाही. १० किलोची पेट्रोल गाडी एका दाराने खेळणं म्हणून आत येते आणि दुसऱ्या दाराशी तिला कुणी खेळणं म्हणायला धजत नाही.

हिशोबच करू. इंजिन मिनिटाला १५,००० फेरे, एकूण गिअर ५:१, टायरचा व्यास १२० मिलिमीटर. वेग येतो तासाला सुमारे ६८ किलोमीटर. १० किलोची गाडी त्या वेगाने येऊन आदळणं म्हणजे तेवढंच वजन १८ मीटरवरून, सहाव्या मजल्यावरून खाली पडणं. ही वस्तू बाहुलीच्या गाडीसोबत एका ओळीत बसवणं मला आजही चुकीचं वाटतं. वेगळ्या ओळीत टाकून तिच्यावर वेगळे सुरक्षा नियम लावले असते, तर मी ते आनंदाने पाळले असते. शुल्क वाढवताना प्रतिकृतींचा विचार वेगळा करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्यातले काही जण याच्या अगदी उलट बोलतात : किट महाग झाली म्हणूनच पोरं लेथकडे वळली, एरवी डबा उघडून स्क्रू पिळले असते. तेही खरं आहे. २०२० नंतर आमच्याकडे विचारायला येणारी मुलं ‘कुठून मागवली’ असं विचारत नाहीत, ‘कुठे कापून घेतलीत’ असं विचारतात.

त्यातून दुसरा एक वाद निघाला, लहानसा. शेतीच्या दुकानातून गवत कापायचं यंत्र आणून त्याचं इंजिन काढून बसवलं, तर गाडी ‘स्क्रॅच’पासून केलेली म्हणायची का? हा शब्द मुळात धावण्याच्या शर्यतीतला : जमिनीवर ओरखडलेली सुरुवातीची रेघ, जिथून कसलीही सवलत न घेता निघायचं. इंजिन आणि रेडिओ विकत, बाकी सगळं स्वतःचं, अशी रेघ आम्ही बडोद्यात धरतो. टायरवरून मतभेद आहेत. रबर ओतून टायर करणारा एक जण आमच्यात आहे आणि तो कुणाचं ऐकत नाही.

आता इंजिनांचा आवाज कमी होत चालला आहे. मैदानाजवळ घरं वाढली, आणि विजेच्या मोटरी या मापाला पुरू लागल्या. आठ सेलची लिथियम बॅटरी, २९.६ व्होल्टची. दर व्होल्टला ८०० फेऱ्यांची मोटर तिच्यावर बिनभाराची जवळजवळ २३,७०० पर्यंत जाते, म्हणजे गिअर पुन्हा मांडावे लागतात. गेल्या हिवाळ्यात मी मारुतीतलं इंजिन उतरवलं. मोटरसाठी नवा तुकडा एचई-३० चाच घेतला आणि पहिल्या टप्प्याचे दात बदलले. शेवटची जोडी, १६ आणि ४८, टर्नरभाईंच्या त्याच दोन भोकांवर आहे.