जुनं बेसबॉल कार्ड म्हणजे घबाड?

बेसबॉल कार्ड म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेलं, लोक जमवतात ते छोटं कार्ड. ‘बेसबॉल कार्ड जितकं जुनं तितकं महाग’ हा समज अमेरिकेत वर्षानुवर्षं फिरतोय. पोटमाळ्यावर खोका सापडला की आशा वाटणं साहजिकच, कारण 1950 च्या दशकातली काही कार्डं खरोखर मोठ्या किमतीला जातात.

पण ती जातात दुर्मीळ म्हणून. च्युइंगगमच्या पाकिटातली ही कार्डं मुलं हाताळायची, आवाज यावा म्हणून सायकलच्या आऱ्यांत अडकवायची, घर आवरताना ती कचऱ्यात जायची. कोपरे शाबूत राहिलेली थोडीच उरली. पुढे त्यांच्या किमती ऐकून लोकांनी नवी कार्डं जपायला सुरुवात केली आणि साधारण 1987 ते 1993 या काळात छपाई प्रचंड वाढली. त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज फारशी किंमत नाही. बंद पाकिटंसुद्धा ढिगाने मिळतात.

कार्ड शोला, म्हणजे कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या मेळाव्याला, जाण्याआधी कार्ड उलटं करा. मागे खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता असेल, तर शेवटच्या ओळीतल्या वर्षाच्या पुढचं वर्ष हे बहुधा कार्डाचं. मग पट्टी लावा. 1952 ची गाजलेली कार्डं सुमारे 2⅝ बाय 3¾ इंचांची होती; अडीच बाय साडेतीन हे माप 1957 पासून रूढ झालं. 1952 चं म्हणवणारं कार्ड या लहान मापाचं निघालं, तर ते पुनर्मुद्रण समजा. कोपरे भिंगाखाली बघा, झिजलेल्या कोपऱ्याने किंमत फार उतरते.

आणि भाव बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा सोडा, त्याच प्रकारचं आणि तशाच अवस्थेतलं कार्ड प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं तेवढंच धरा.