माशीचा गळ

माशीचा गळ (फ्लाय फिशिंग) : बारीक गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून खोटा किडा, म्हणजेच ‘माशी’, बनवायचा आणि त्यावर मासा धरायचा, अशी गळ टाकण्याची एक पद्धत. तिचे माहेर थंड प्रदेशातले दगडगोट्यांचे डोंगरी ओढे, आणि तिचा ठरलेला मासा म्हणजे ट्राउट. सातारा-सांगलीत ट्राउट नाही. मात्र ती ज्या पाण्यासाठी घडली तसले खळाळते पाणी महाबळेश्वर, बामणोली, पाटण, हेळवाक ते शिराळ्याच्या पश्चिम टोकापर्यंत पाऊस ओसरल्यावर जागोजाग दिसते.

आपल्याकडचा गळ म्हणजे चिव्याची (बारीक बांबूची) काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), पाण्यावर तरंगती मोरपिसाची काडी, शिशाचा मणी आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी. इथे फेक जाते ती शिशाच्या जोरावर. माशीच्या गळात वजन असते ते दोरीतच. माशी जवळजवळ बिनवजनी. जाड, गुळगुळीत दोरी काठीने डोक्यावरून मागे न्यायची, ती मागे हवेत पुरती सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढे सोडायची. घाई केली तर दोरी चाबकासारखी कडाडते आणि माशी तुटून जाते. फार थांबले तर मागच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसते. दोरीच्या टोकाला दोन-तीन मीटर पातळ तंगूस जोडलेली असते, म्हणजे माशाला जाड दोरी दिसत नाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर दोन्ही काठांनी झाडी वाकलेली असते, त्यामुळे इथे लांब फेकीची ऐट कामाची नाही. आखूड काठी आणि मनगटाचा झटका पुरतो.

खरे कसब पाणी वाचण्यात आहे. दगडगोट्यांचा ओढा पाऊस आणि बर्फ यांवर चालतो. झऱ्यावर पोसलेल्या प्रवाहासारखा तो वर्षभर एका मापाने वाहत नाही. खळाळ, मग संथ पट्टा, मग डोह, पुन्हा खळाळ, अशी त्याची चाल. मासा तोंड प्रवाहाकडे करून मोठ्या दगडाच्या आडोशाला उभा राहतो. तिथे पोहण्याचे श्रम कमी आणि शेजारून वेगाने जाणाऱ्या पाण्यातून खाणे आयते येते. म्हणून गळवाला खालच्या अंगाने, माशाच्या पाठीमागून येतो आणि माशी वरच्या अंगाला टाकतो. ती पाण्याच्याच वेगाने वाहत आली पाहिजे. दोरीने किंचित ओढली आणि माशीमागे बारीकशी रेघ उठली, की मासा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही.

कुठली माशी बांधायची हे ओढाच सांगतो. कार्तिकात पाटणकडच्या एखाद्या ओढ्यातला तळहाताएवढा दगड उलटा करून पाहावा. खालच्या ओल्या बाजूला चपटी, शेपटीला दोन-तीन केस असलेली मेफ्लाय या पंखवाल्या किड्याची अळी सरपटताना दिसते. शेजारी वाळूचे कण चिकटवून केलेली कॅडिस या दुसऱ्या किड्याच्या अळीची नळकांडी असतात आणि बहुधा एखादा चिडलेला खेकडाही. मेफ्लायचे बहुतेक आयुष्य असे दगडाखाली जाते. पंख फुटल्यावर ती जेमतेम एक-दोन दिवस जगते. पाण्याखालच्या अळीची नक्कल बुडती, तर पंखवाल्या माशीची नक्कल तरंगती ठेवतात.

ट्राउट इथे का नाही? तपकिरी ट्राउट मूळचा युरोपचा आणि इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. भारतातला ट्राउट इंग्रजांनी हौसेने आणलेला आहे. 1900 साली तपकिरी ट्राउटची अंडी काश्मीरला पोचली. पुढे हिमाचल, निलगिरी आणि मुन्नार इथेही हे मासे सोडले गेले. आज तिथल्या ‘रानटी’ ट्राउटचे पूर्वज असे पाहुणे होते. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेले की ट्राउटची घुसमट सुरू होते, कारण तापल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. निलगिरीत 2,000 मीटरांवर असे थंड पाणी टिकते. महाबळेश्वर 1,400 मीटरांच्याही आतले, आणि वैशाखात त्याच्या खालचे ओढे आटून कातळ उघडा पडतो.

इथला माशीला साजेसा मासा म्हणजे खडस, अर्थात दख्खनचा महसीर. विल्यम हेन्री साइक्स याने 1839 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. साइक्सने दख्खनच्या अनेक माशांना इथल्याच बोलीतली नावे दिली. दगडाला तोंडाने चिकटून राहणाऱ्या मळ्याचे शास्त्रीय नाव ‘मुल्या’ त्यातलेच. खडस किडे खातो, तसाच काठावरच्या उंबराची फळे पाण्यात टपकली की त्यांवरही झेपावतो. अंगावर निळसर उभे पट्टे असलेले बोटभर मासेही उडत्या किड्यावर उसळतात आणि छोट्या माशीला बिनदिक्कत लागतात. नवख्याने हात बसवावा तो यांच्यावर.

सांगलीकडे कृष्णा संथ आणि गढूळ, तिथे माशीचा उपयोग थोडा. शिवाय कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणे ही या पद्धतीची रीत आहे, आणि भिलवडी-औदुंबरच्या बाजूला नदीत मगरी आहेत. धरणांच्या फुगवट्यात कटला, रोहू आणि चिलापी वाढले. वाहत्या पाण्याचा खडस तिथे मागे पडला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. गेळफळ कुटून किंवा सुरुंग लावून मासे मारण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. सुरुंग आणि विष या दोन्हींवर 1897 च्या कायद्यापासूनच बंदी आहे.

हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. जूनच्या पहिल्या पुरात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात, तेव्हा गढूळ पाण्यात माशी दिसतच नाही. फेब्रुवारीनंतर ओढ्याची धार तुटते आणि मासे डोहात कोंडले जातात. जाणते गळवाले त्या डोहांना हात लावत नाहीत. घाटाखाली महाडजवळ वाळणकोंडीचा डोह तर देवीचा मानलेला. तिथल्या महसीरांना लोक खायला टाकतात, गळ टाकत नाहीत.