विस्कळीत दिनक्रमात व्यायाम कुठे बसवायचा?

"जरा घडी बसू दे, मग रोज व्यायाम सुरू करतो." ती घडी काही बसत नाही आणि व्यायामाला मुहूर्त लागत नाही. यामागे एक पक्का समज असतो: व्यायाम म्हणजे ठरलेली वेळ, वेगळे कपडे आणि सलग पाऊण तास. शरीराच्या दृष्टीने यातलं काहीच अत्यावश्यक नाही, आणि हे जितक्या लोकांपर्यंत पोचेल तितकं बरं, असं मला मनापासून वाटतं.

या समजाला एके काळी अधिकृत आधारही होता. निदान १० मिनिटं सलग केलेली हालचालच हिशेबात धरावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत म्हटलं होतं. २०२० मध्ये ही अट काढून टाकली गेली. आता प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल सांगितली जाते, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. हालचाल करताना बोलता येतं पण गाता येत नाही, तेव्हा ती मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, की जोरकस. ही मिनिटं कशी जमवायची, ते ज्याचं त्याने ठरवावं.

व्यायामाच्या अशा लहान तुकड्यांचा उपयोग किती, याचा अंदाज २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन' या संशोधन-नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातून येतो. ब्रिटनमधल्या, मुद्दाम व्यायाम अजिबात न करणाऱ्या २५ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं. जिना भराभर चढणं, जड पिशव्या उचलून नेणं, बस पकडायला धावणं, अशी एक-दोन मिनिटांची दमछाक दिवसातून साधारण तीनदा होणाऱ्यांमध्ये पुढच्या सुमारे ७ वर्षांत हृदयविकार व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होते. तुलना होती अशी दमछाक कधीच न होणाऱ्यांशी. अर्थात हा निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे. आधीच आजारी असलेला माणूस जिना भराभर चढत नाही, आणि संशोधकांनी काळजी घेतली तरी हा गुंता पूर्ण सुटत नाही. म्हणून 'निम्मे' हा आकडा मी जपूनच वापरेन.

पण तुकड्यांचा फायदा का व्हावा, याचं कारण स्नायूंच्या कामात सापडतं. स्नायू आकुंचन पावू लागला, की त्याच्या पेशींच्या आत असलेली ग्लुकोजवाहक प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढू लागतात. त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. व्यायाम थांबल्यावरही स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो; पुरेसा व्यायाम झाला असेल, तर हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, त्यामुळे खुर्चीतून वीस वेळा उठणं-बसणं दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं काम आहे. (हृदयविकार असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारूनच.)

आता खरी अडचण: आठवण राहायची कशी? २००२ मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात काही विद्यार्थ्यांना व्यायामाचं महत्त्व पटवून दिलं, तर काहींना त्याशिवाय 'कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे' हे लिहायला लावलं. लिहिणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. नुसतं महत्त्व ऐकलेल्यांमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली राहिलं. ज्यांच्या दिवसाला घड्याळच लागू पडत नाही, त्यांनी वेळेऐवजी प्रसंग धरावा, असं मला वाटतं. दात घासून झाले की दहा बैठका. फोन आला की चालत बोलायचं. सहा वाजताची वेळ हुकते, दात घासणं सहसा हुकत नाही.

सवय २१ दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर १२ आठवडे नजर ठेवली आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधला, तेव्हा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस. माणसामाणसांतला फरक तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. 'काल खंड पडला, आता सोमवारपासून नव्याने' हा हिशेब नाहक आहे.

आणि सगळंच कोलमडलेल्या महिन्यांचं काय? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करायला लावला. मग वेगवेगळ्या प्रयोगांत त्यात काटछाट केली. दिवस सहावरून दोनवर आणले किंवा मिनिटं ४० वरून १३ वर आणली, तरी ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे दमसासाचं माप, पुढचे १५ आठवडे टिकून राहिली. दिवस आणि मिनिटं तीच ठेवून जोर कमी केला, तेव्हा मात्र ती घसरली. धावपळीच्या महिन्यात म्हणूनच वेळ खुशाल कमी करावा. जेवढी मिनिटं हाती येतील, तेवढ्यांत दम लागू द्यावा.