स्ट्रोकुर उसळतो, मग ब्रह्मगिरी का नाही?

आइसलँडची सहल करून आलेली मंडळी स्ट्रोकुर या गीझरचा, म्हणजे थांबून थांबून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याचा, व्हिडिओ आवर्जून दाखवतात. दर ६ ते १० मिनिटांनी उकळत्या पाण्याचा स्तंभ १५-२० मीटर उसळतो. मग नाशकात प्रश्न हमखास येतो: आपले डोंगरही ज्वालामुखीचेच, ब्रह्मगिरी जागा झाला तर?

होणार नाही. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताचा भूखंड हिंदी महासागरातल्या रियुनियनच्या उष्ण स्रोतावर, म्हणजे खोलून तप्त खडक वर येतो त्या जागेवर, होता. लाव्हा लांबच लांब भेगांतून थरांवर थर पसरला, म्हणून इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. पुढे भूखंड सरकला, आग मागे राहिली. रियुनियन बेटावर आजही उद्रेक होतात.

गीझरला मात्र जवळची आग लागते, शिवाय भरपूर पाणी आणि वर जाणारी अरुंद नळी. खरी गंमत त्या नळीत आहे. १० मीटर खोलीवर दाब दोन वातावरणांइतका होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सियसला उकळते. कुकरमध्ये घडते तेच. २० मीटरवर हा आकडा १३३ पर्यंत जातो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बन्सेन यांनी १८४६ मध्ये आइसलँडच्या गीझरच्या नळीत तापमापी सोडून पाहिले: खालचे पाणी शंभराच्या बरेच वर, तरी उकळत नव्हते. अशा वेळी खालून थोडे बुडबुडे आले की वरचे पाणी काठावरून सांडते. भार घटतो, उत्कलनबिंदू उतरतो आणि आधीच जास्त तापलेल्या पाण्याची काही क्षणांत वाफ होऊ लागते. १२० अंशांच्या पाण्यावरचा जादा दाब पूर्ण गेला तर जेमतेम ४ टक्केच वाफ होते. पण एक लिटरमागे ती साठेक लिटर जागा मागते! ती उरलेले पाणी वर फेकते, त्याने भार आणखी घटतो, आणि उकळी नळीत खाली खाली उतरत जाते.

नाशिकमध्ये ही आग नसली तरी गरम पाण्याच्या खुणा भरपूर आहेत. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर खनिजयुक्त गरम पाणी झिरपले आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटसारखे झिओलाइट गटातले स्फटिक वाढले. पांडवलेण्यांजवळच्या खाणींतले पॉवेलाइट हे वेगळे खनिज तर जगभरचे संग्राहक शोधतात. हेच स्फटिक 'सकारात्मक ऊर्जे'साठी विकणारेही आहेत. झिओलाइटमध्ये असते सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि जाळीत अडकलेले पाणी. आजार बरा करणारे त्यात काही नाही.

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर कोणता स्फटिक कशावर बसला आहे ते पाहा. सहसा खालचा आधी तयार झालेला असतो.